अजिंठ्याचा कडा चढायचा, पण कोणाला मागे ठेवून नाही

अजिंठ्याची सहल ठरली की वस्तीत पंधरा दिवस तिचीच चर्चा असते. महिला मंडळ यादी करते, भिशीतून पैसे निघतात, गाडीवाल्याशी घासाघीस होते. रात्रभराचा प्रवास, सकाळी अर्धवट झोपेतला चहा आणि समोर लेण्यांच्या पायऱ्या. तरुण पोरे भराभर वर निघून जातात. ज्या मावशींनी सगळ्यात आधी पैसे भरलेले असतात, त्या मात्र खाली झाडाच्या सावलीत सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतात. “माझे गुडघे धरतात बाई, तुम्ही बघून या.” त्यांच्या शेजारी बीपीची गोळी घरी विसरलेले एक काका असतात, आणि रात्रभर उलट्या झाल्याने गळून गेलेली एखादी सून.

एवढ्या लांब येऊन लेणी न पाहता परत जाणारी ही माणसे प्रत्येक सहलीत असतात. त्यातली बरीच जण थोड्या तयारीने चालू शकली असती. या वेळच्या आरोग्य पानावर आपण त्याच तयारीबद्दल बोलू. आणि लेण्यांच्या जोडीला एक छोटी वाटही पाहू, जी बहुतेक सहली सोडून देतात: वाघूर नदी ओलांडून समोरच्या कड्यावर जाणारी पायवाट. ती लांब नाही आणि तिथे गाडीचा आवाज नाही. वर पोहोचले की सगळी लेणी एका नजरेत दिसतात.

ही वाट कशी आहे

अजिंठ्याच्या डोंगरात वाघूर नदीने, जिला वाघोरा असेही म्हणतात, घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. नदीच्या डाव्या तीरावर सुमारे ७६ मीटर उंचीचा काळ्या कातळाचा कडा उभा आहे. त्याच कड्याच्या पोटात ३० लेणी कोरलेली आहेत. त्यातली ९, १०, १९, २६ आणि २९ क्रमांकाची चैत्यगृहे, बाकीचे विहार. सर्वात जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची, तर बरीचशी पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळात कोरलेली. वळणाच्या वरच्या टोकाला नदी सात टप्प्यांनी खाली उतरते, ते सातकुंड.

पूर्वी प्रत्येक लेण्यातून थेट नदीपर्यंत उतरणाऱ्या, कातळात खोदलेल्या पायऱ्या होत्या. आज त्या बहुतेक नाहीशा झाल्या आहेत. पण त्यावरून एक गोष्ट कळते. इथे राहणारे भिक्खू पाण्यासाठी रोज हा कडा उतरत आणि चढत होते. चालणे हा त्यांच्या दिनचर्येचाच भाग होता. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे संथपणे येरझाऱ्या घालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मनाची एकाग्रता टिकते. आजचे डॉक्टर चालण्याबद्दल जे सांगतात, त्यात आणि यात फारसे अंतर नाही.

आता आपली वाट. लेण्यांच्या बाजूने खाली नदीकडे उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पलीकडचा चढ धरायचा. काही ठिकाणी ओबडधोबड पायऱ्या आहेत, काही ठिकाणी नुसती पायवाट. साधारण वीस मिनिटे चढले की खालचा व्ह्यू पॉइंट येतो. आणखी तेवढाच वेळ चढले की वरचा. हा वेळ सवय असलेल्या माणसाचा आहे. आपण लहान मुले आणि वयस्कर माणसे घेऊन जाणार असू, तर तो दुप्पट धरावा. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या कड्यातली लेणी दिसली, ती या बाजूच्या उंचीवरूनच असे सांगतात. लेण्यांत उभे राहून एका वेळी एकच लेणे दिसते. इथून मात्र नदी, कडा आणि त्यावर ओळीने उघडलेली दारे असे सगळे एकत्र दिसते. इतक्या आडजागी, वाहत्या पाण्याच्या काठी ही जागा का निवडली असेल, ते कोणी न सांगताही समजते.

चढ ज्यांना अजिबात झेपणार नाही, त्यांच्यासाठीही सोय आहे. घाटमाथ्याच्या बाजूने गाडीरस्त्यानेही व्ह्यू पॉइंटकडे जाता येते. स्वतःची गाडी ठरवली असेल तर चालकाला हा रस्ता आधी विचारून ठेवावा. लेण्यांच्या पायऱ्यांसाठी पायथ्याशी डोलीवाले मिळतात. त्यांचा दर बसण्याआधी ठरवून घ्यावा.

कधी जावे

भिक्खू पावसाळ्यात चारिका थांबवून एका जागी वर्षावास करीत. आपणही या वाटेबाबत तेच करावे. पावसात इथले धबधबे डोळ्यांचे पारणे फेडतात, पण कड्याची वाट निसरडी होते आणि कातळावर शेवाळ धरते. पावसाळ्यात लेणी पाहावीत, पुलावरून नदी पाहावी आणि कड्याचा चढ टाळावा.

उन्हाळ्यात उलटी अडचण. या भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, नदी आटते आणि काळा कातळ तव्यासारखा तापतो. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. सुरुवातीच्या दिवसांत डोंगर हिरवा असतो आणि नदीला पाणीही असते.

लेणी सोमवारी बंद असतात. इतर दिवशी नेहमीची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५. खाजगी गाड्या फर्दापूरजवळच्या फाट्यावर थांबवतात. तिथून सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. छत्रपती संभाजीनगरहून अंतर सुमारे १०० किलोमीटर, जळगावहून सुमारे ६०. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. सणाच्या सुट्टीला आणि रविवारी गर्दी फार असते. कामावरून सुट्टी मिळत असेल तर मधला वार निवडावा. कड्याची वाट त्या दिवशी सुरू आहे का, हे तिकीट खिडकीवर विचारूनच पुढे जावे.

सहा आठवडे आधी सुरुवात

“आम्ही दिवसभर चालतोच की!” असे घरकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आपल्या बहिणी म्हणतात. ते खरे आहे. पण ते चालणे ओझे घेऊन, थांबत-वाकत, कामाच्या धाकाने होते. त्यात श्वासाला एक लय मिळत नाही. शिवाय बसून शिवणकाम करणारे, रिक्षा चालवणारे, रात्रपाळीचे पहारेकरी असे अनेक जण दिवसाकाठी फारसे चालतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम करावा. म्हणजे रोज ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस.

सहलीच्या निमित्ताने याची सवय लावून घेता येते.

पहिला आठवडा: रोज १५ मिनिटे सपाट रस्त्यावर.
दुसरा आठवडा: २० मिनिटे.
तिसरा आठवडा: २५ मिनिटे, शेवटी दोन-तीन मजल्यांचे जिने एकदा चढून उतरायचे.
चौथा आठवडा: ३० मिनिटे, जिने दोनदा.
पाचवा आठवडा: ३५ ते ४० मिनिटे, त्यातली १० मिनिटे जिन्यावर.
सहावा आठवडा: सुरुवातीला एकदा तासाभराची रंगीत तालीम, नंतर हलके चालणे. निघण्याच्या आदल्या दिवशी विश्रांती.

वस्तीत चालायला जागा कुठे, असा प्रश्न येईल. गल्ल्या अरुंद, गटारे उघडी, पहाटे एकट्या बाईला बाहेर पडायची भीती. म्हणून गटाने चालावे. नळाला पाणी यायची वेळ सांभाळून चार-सहा जणींनी एकत्र निघावे. विहारापासून शाळेच्या मैदानापर्यंत, मैदानात चार फेऱ्या आणि परत, असा ठरलेला रस्ता ठेवावा. जिन्यासाठी रेल्वेचा पादचारी पूल किंवा पुनर्वसनाच्या इमारतीचे जिने उपयोगी पडतात. तालमीसाठी संभाजीनगरवाल्यांना विद्यापीठामागची औरंगाबाद लेणी आहेत, नाशिकवाल्यांना त्रिरश्मी लेणी, मुंबईवाल्यांना कान्हेरी.

वेग किती असावा? चालताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण भीमगीत म्हणायला गेले तर दम लागला पाहिजे. तो आपला योग्य वेग. बोलणेही तुटत असेल तर वेग जास्त आहे. आरामात सूर लावता येत असेल तर पाय थोडे उचलायला हरकत नाही.

आधी तपासून घ्या

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. सहलीची यादी तयार झाली की आशाताईंना ती दाखवून एक दिवस ठरवावा आणि सगळ्यांनी एकदमच जाऊन यावे. कित्येकांना आपला बीपी वाढलेला आहे हे अशा वेळीच पहिल्यांदा कळते. सहल एका दिवसाची, पण ही माहिती पुढच्या आयुष्याला उपयोगी पडते.

रक्तदाब असेल तर गोळी त्या दिवशीही ठरल्या वेळी घ्यावी. “लघवीला लागते म्हणून आज गोळी नको” असे स्वतःच ठरवू नये. डॉक्टरांना प्रवासाबद्दल सांगून विचारावे. चालताना छातीत दाब येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, थोड्या चढाने धाप लागणे, असे पूर्वी झाले असेल तर तपासणीशिवाय चढ चढू नये.

साखरेचा आजार असेल, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर पटकन खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी चालू नये. खिशात साखरेची पुडी हवीच. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि नंतर भाकरी किंवा बिस्किटे खायला लावावीत. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. पायाला मुंग्या येणाऱ्या, बधिरपणा असणाऱ्या रुग्णांनी चालून आल्यावर तळपाय नीट पाहावेत. त्यांना फोड आलेला कळत नाही.

सिकलसेलबद्दल वेगळे सांगायला हवे. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. ज्यांचा अहवाल ‘एसएस’ आहे, त्यांना पाणी कमी पडणे, फार दमणे आणि थंड पाण्यात भिजणे, या तिन्हींमुळे जीवघेण्या वेदना सुरू होऊ शकतात. अशा मुलाला सहलीला नेऊच नये असे नाही. त्याला सतत पाणी द्यावे, पहाटेच्या गारठ्यात स्वेटर घालावे, दमायच्या आधी बसवावे आणि नदीत उतरू देऊ नये. चढाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. ‘एएस’ म्हणजे वाहक असलेल्यांना एरवी त्रास नसतो, तरी उन्हात धावत कडा चढण्याची पैज त्यांनी लावू नये.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले आहे. दोन जिने चढले की धडधडते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तो आळस समजू नका. हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणूनही सहा आठवडे आधी सुरुवात करायची.

दम्याच्या रुग्णाने पंप स्वतःच्या खिशात ठेवावा, गाडीतल्या पिशवीत नको. गरोदर बहिणींनी कड्याचा चढ टाळावा. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. त्यांनी हातात काठी घ्यावी, पायरी आडवी होऊन उतरावी आणि आधी दुखरा पाय खाली टाकावा. चढताना मात्र आधी चांगला पाय वर ठेवावा.

पिशवीत काय आणि अंगावर काय

मोठ्या माणसाला अर्ध्या दिवसासाठी दोन लिटर पाणी धरावे. थंड पेयांवर पैसे घालवण्यापेक्षा घरचे मीठ-साखरेचे पाणी बरे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये.

जेवणाला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सुकी भाजी. रस्सा आणि दूध-दह्याचे पदार्थ प्रवासात आंबतात. वाटेत चघळायला गूळ-शेंगदाणे, फुटाणे, केळी. लेण्यांच्या आत खाणे-पिणे चालत नाही, म्हणून जेवण खाली येऊनच करावे. वानरांसमोर पिशवी उघडू नये आणि त्यांना खायला घालू नये.

स्लीपर घालून कडा उतरणे म्हणजे घोटा मुरगळण्याची तयारी. आठवडी बाजारातले साधे कॅनव्हासचे बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल पुरते. नवी असेल तर आठवडाभर आधी वापरून पायाला बसवावी, नाहीतर पहिल्याच चढाला टाच सोलते. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून पटकन काढता-घालता येतील अशीच निवडावीत. कपडे सुती, फिक्या रंगाचे. पांढरी साडी उन्हाला चांगलीच, पण घोट्याच्या वर नेसावी. काठ पायाखाली आला की तोल जातो. डोक्यावर रुमाल किंवा टोपी हवी.

गटात एक औषधांची पिशवी असावी: ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, स्वच्छ पट्टी, जंतुनाशक, क्रेप बँडेज, सॅनिटरी पॅड, एक बॅटरी आणि एक शिट्टी. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असावी: नाव, घरचा फोन, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी असल्यास ती.

आणखी एक गोष्ट बायका बोलत नाहीत, म्हणून इथे लिहितो. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने कित्येक जणी प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते आणि लघवीच्या जागी जळजळ, जंतुसंसर्ग होतो. फर्दापूरच्या फाट्यावर आणि तिकीट खिडकीच्या परिसरात स्वच्छतागृहे आहेत. कड्यावर नाहीत. चढाला लागण्याआधी सगळ्या जणींना तिथे जाऊन येण्यासाठी वेळ द्यावा. दहा मिनिटे जातील, त्यावर कुणी कुरकुर करू नये.

त्या दिवसाचा आराखडा

रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावा. संभाजीनगर किंवा जळगावच्या बाजूचे पहाटे निघून वेळेत पोहोचतात. लांबून येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी जवळ मुक्काम करावा. न झोपलेला माणूस चढावर लवकर थकतो आणि गाडीचा चालक झोपेत असेल तर धोका सगळ्यांनाच.

साडेआठपर्यंत फर्दापूरला पोटभर नाश्ता आणि गोळ्या. नऊच्या सुमारास बस आणि तिकीट. आधी कडा, मग लेणी. सकाळचे ऊन सोसते आणि पायही ताजे असतात. दुपारी ऊन वाढेल तेव्हा आपण लेण्यांच्या गारव्यात असू. दहाच्या सुमारास पूल ओलांडायचा. अकराच्या आसपास खालचा व्ह्यू पॉइंट. तिथे पंधरा मिनिटे बसायचे, पाणी प्यायचे आणि प्रत्येकाला विचारायचे: पुढे जायचे का? ज्यांना तिथेच थांबायचे आहे, त्यांच्याबरोबर एक जाणता माणूस थांबेल. तिथूनही लेणी छानच दिसतात.

परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावी. साडेअकरा म्हणजे साडेअकरा. वरचा व्ह्यू पॉइंट दहा मिनिटांवर असला तरी फिरायचे. उतरताना पाय थरथरतात, आणि घाईघाईने उतरतानाच माणसे पडतात. खाली आल्यावर जेवण, अर्धा तास आडवे होणे, मग लेणी. सगळी तीस एका दिवसात झालीच पाहिजेत असे नाही. १, २, १०, १६, १७, १९ आणि २६ शांतपणे पाहिली तरी डोळे भरून येतात. २६ व्या लेण्यातल्या सात मीटरहून लांब महापरिनिर्वाण मूर्तीसमोर बसून दम खायला कोणाची हरकत नसते.

वाटेवरचे नियम

गटाचा वेग सर्वात हळू चालणाऱ्याचा. त्याला रांगेत दुसरा ठेवावा, शेवटचा नाही. हळू चालणारा शेवटी राहिला की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोहोचला की लगेच निघतात. सर्वात जास्त दमलेल्यालाच विश्रांती मिळत नाही. एक अनुभवी माणूस सर्वात पुढे, एक सर्वात मागे. त्या मागच्याच्या पुढे सगळे असले पाहिजेत. पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक थांब्यावर मोजणी करावी.

कड्याच्या काठापासून तीन हात दूर राहावे. गवताखालचे दगड सुटे असतात. फोटो काढताना मागे सरकू नये. मुलांचा हात सोडू नये. कुंडात आणि नदीत उतरू नये. कातळ शेवाळलेला असतो आणि पाण्याचा तळ दिसत नाही. वर डोंगरात पाऊस झाला असेल तर इथे ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली, घुमल्यासारखा आवाज आला तर लगेच वर सरकावे.

अशा कड्यांना आग्या मोहोळे लटकतात. अत्तर लावून, विडी पेटवून, दगड मारून त्यांना डिवचू नये. माश्या उठल्याच तर तोंड-डोके कपड्याने झाकून सरळ दूर जावे, हात झाडत उभे राहू नये. आभाळ गडगडले तर एकट्या झाडाखाली थांबू नये, कड्यावरून खाली उतरावे. दारू प्यालेल्या माणसाला कड्याच्या वाटेवर घेऊ नये, मग तो कोणाचाही भाऊ असो.

काही झालेच तर

ऊन लागले: माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले तर सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा, मान-काखेत ओले फडके ठेवावे आणि १०८ ला फोन करावा.

छातीत कळ: जागच्या जागी बसवावे, एक पाऊलही चालवू नये, १०८.

साप चावला: चावलेला अवयव हलू देऊ नये, कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात आणि झोळीत घालून सरकारी रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत येत नाही.

घोटा मुरगळला: बूट सैल करून क्रेप बँडेज बांधावे, दोघांच्या आधाराने उतरवावे. चोळू नये.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. पण दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असे धरू नये. म्हणून दोन जणांनी खाली बस थांब्याकडे जाऊन मदत आणावी, बाकीच्यांनी रुग्णाजवळ थांबावे. जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता आणि फोन निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवावा.

सहल संपल्यावरही गट मोडू नका. सहा आठवड्यांत लागलेली सवय दोन आठवड्यांत जाते. तोच रस्ता, तीच वेळ, रोज अर्धा तास सुरू ठेवला तर बीपी, साखर आणि गुडघे तिन्हींना फायदा होतो. आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तर येत्या रविवारी वंदना झाली की विहारात एक वही ठेवा आणि नावे लिहायला घ्या. सर्वात हळू चालणाऱ्याचे नाव सर्वात वर लिहा, म्हणजे बाकीचे सगळे नियोजन त्या नावाप्रमाणे होईल.